सरावात सगळं जमतं आणि मॅचला काहीच दिसत नाही, असं का होतं?

तासगाव भागातल्या एका शाळेतल्या क्रीडाशिक्षकांचा प्रश्न आहे. १४ आणि १७ वर्षांखालच्या कबड्डीच्या टीम बघतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की पोरं रोज संध्याकाळी दीड तास जीव तोडून सराव करतात, अँकल होल्ड (घोट्याची पकड), चेन (दोघांनी हात धरून केलेली पकड), डॅश (धडक देऊन बाहेर काढणं) सगळं ग्राउंडवर व्यवस्थित बसतं, पण तालुक्याला गेलं की कधी काही शिकलीच नाहीत अशी खेळतात. मी ओरडून ओरडून घसा बसवतो तरी फरक नाही, अजून काय करू, आणि आता स्पर्धेला महिनाच राहिलाय.

सर, मी सांगली-मिरजेकडं बरीच वर्षं कबड्डी आणि खो-खो शिकवतोय आणि हा प्रश्न मला प्रत्येक ग्राउंडवर ऐकायला मिळतो, त्यामुळं जरा सविस्तरच लिहितो. माझं म्हणणं एकच आहे. आज सरावात किती छान दिसतंय त्यावरून पोरगं शिकलं की नाही हे ठरवू नका. चार दिवस मध्ये गेल्यावर, तुम्ही काही न सांगता, अनोळखी रेडरसमोर (चढाईला येणाऱ्यासमोर) त्याला ते करता येतंय का, ते बघा. तेवढंच शिकलं म्हणायचं. आपण बहुतेक जण आज छान दिसावं असा सराव लावतो, आणि तिथंच सगळा घोळ होतो.

तुमचाच अँकल होल्ड घ्या. आपल्याकडं जवळपास सगळीकडं तो कसा शिकवतात? दहा-बारा पोरं रांगेत, समोर एक जण रेडर म्हणून उभा, तो चालत येतो, ठरलेला पाय ठरलेल्या जागी पुढं टाकतो, रांगेतला पोरगा झेप घेतो, एक हात टाचेमागं, दुसरा घोट्यावर, पाय ओढून छातीला लावतो, शिट्टी, शाब्बास, पुढचा. वीस मिनिटांत सगळ्यांचा हात बसतो. बघायला एकदम भारी. पण यात पोरगं नक्की काय शिकलं? पाय कुठला येणार हे त्याला माहीत, कधी येणार माहीत, आणि तो पाय परत मागं जाणार नाही हेही माहीत. म्हणजे फक्त हात कसे धरायचे तेवढं शिकलं. मॅचला रेडरकडं ३० सेकंद असतात, तो पाय दोनदा नुसता दाखवतो, तिसऱ्यांदा बोनसला (मागच्या बोनस रेषेपलीकडं) टाकतो, नाहीतर पाय दाखवून हात कव्हरला (मधल्या बचावपटूला) मारून निघून जातो. आपला कोपरा, म्हणजे टोकाला उभा राहणारा बचावपटू, पहिल्याच पायाला झेप टाकतो आणि बाद होतो. वरून आपण म्हणतो, अरे शिकवलं होतं ना रे तुला! नव्हतं शिकवलं. कधी जायचं आणि कधी जायचं नाही हे त्याला कुणीच शिकवलेलं नव्हतं, आणि कोपऱ्याचा अर्धा खेळ तर त्यातच असतो.

मी काय करतो ते सांगतो. तीच पोरं तिघा-तिघांत वाटायची, एक रेडर, एक कोपरा, एक कव्हर, ग्राउंडचा छोटा तुकडा आखून द्यायचा. रेडरच्या कानात सांगायचं, बोनस घे, किंवा कव्हरला हात मार, किंवा नुसती हूल देऊन परत ये. बाकी दोघांना पत्ता नाही. पकड झाली की पॉइंट, चुकीच्या वेळी गेला की रेडरला पॉइंट, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रेडरनं हूल दिली आणि कोपरा जागचा हलला नाही, तर त्यालाही पॉइंट. हा शेवटचा पॉइंट विसरू नका. न जाण्याचं कौतुक आपल्या ग्राउंडवर कुणी करत नाही, म्हणून पोरं प्रत्येक पायावर तुटून पडतात.

पहिल्या आठवड्यात हा सराव वाईट दिसतो, हे आधीच सांगून ठेवतो. पकडी सुटतात, पोरं वैतागतात, कट्ट्यावर बसलेले पालक म्हणतात, आधी बरं चाललं होतं की. तिथं डगमगायचं नाही, कारण हे माझ्या एकट्याच्या अनुभवाचं बोलणं नाही. १९७९ साली शी आणि मॉर्गन या दोन अमेरिकन संशोधकांनी एक साधा प्रयोग केला होता. हातानं छोट्या लाकडी फळ्या ठरावीक क्रमानं पाडायच्या, असे तीन क्रम. एका गटानं पहिला क्रम पूर्ण घोटला, मग दुसरा, मग तिसरा. दुसऱ्या गटाला तिन्ही क्रम मिसळून दिले. सराव चालू असताना पहिला गट पुढं होता. पण दहा मिनिटांनी आणि परत दहा दिवसांनी तपासलं तेव्हा मिसळून करणारा गट पुढं निघाला. पुढं १९८६ ला गूड आणि मॅगिल यांनी हेच बॅडमिंटनच्या तीन प्रकारच्या सर्व्हिसवर करून बघितलं, तिथंही मिसळून सराव केलेल्या मुलींच्या हातात ते जास्त टिकलं. कारण समजायला सोपं आहे, एकच गोष्ट लागोपाठ केली की डोकं दुसऱ्या खेपेनंतर काम करायचं थांबतं, हात चालतात नुसते. मिसळलं की प्रत्येक वेळी नव्यानं ठरवावं लागतं, आठवावं लागतं, आणि मॅचमध्ये तरी दुसरं काय असतं?

लहान पोरांचं तर याहून सोपं आहे. १९७८ च्या एका प्रयोगात ८ वर्षांच्या मुलांना छोट्या पिशव्या (बीनबॅग) निशाण्यावर टाकायला दिल्या होत्या. काहींनी फक्त ३ फुटांवरून सराव केला, काहींनी २ आणि ४ फुटांवरून. परीक्षा घेतली ३ फुटांची, आणि त्यात २-४ फूटवाली पोरं सरस ठरली, ज्यांनी ३ फुटांवरून सराव केलाच नव्हता! त्यामुळं १४ खालच्या टीमला एकाच रेडरवर पकडी घोटून घेऊ नका, बुटका रेडर द्या, लांब पायाचा द्या, डावखुरा द्या, मोठ्या गटातला एखादा आणून उभा करा.

हां, पण एक गोष्ट. ज्यानं अँकल होल्ड आयुष्यात कधी धरलाच नाही त्याला पहिल्या दिवशी हे सगळं अंगावर टाकू नका. दोन-तीन दिवस साधं, संथ, ठरलेल्या पायावर होऊ दे, डोकं बाहेरच्या बाजूला राहतंय का, हात नीट पडतायत का एवढं बघा, नाहीतर गुडघा तोंडावर बसतो. मग लगेच मिसळायला घ्या. माझा ढोबळ अंदाज असा, की पोराला दहातली सहा-सात खेप जमत असेल तर सराव बरोबर लागलाय. दहाच्या दहा जमतंय तर सोपं झालं, अवघड करा. दोन-तीनच जमतंय तर पोरगं खचणार, एक पायरी खाली या.

मातीचंही बघा. आपली पोरं शाळेच्या मातीवर खेळतात आणि पुढं मॅटवर उतरली की पाय चिकटतो, वळताना गुडघा दुखतो, बूट जड वाटतात. आपल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा तांबड्या मातीतून थेट मॅटवर आणि नव्या नियमांत खेळायची वेळ आली होती, तरी सहावे आले, आणि चार वर्षांनी १९५२ ला हेलसिंकीला स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. ताकद आणि डाव आधीही होतेच, पण जिथं लढायचं तिथल्या सवयीला वेळ द्यावाच लागतो. म्हणून जिल्ह्यापर्यंत जायची आशा असेल तर ओळखीच्या मंडळाला विनंती करून चार-सहा संध्याकाळी तरी पोरांना मॅटवर न्या.

आता घशाचं. सर, वाईट वाटून घेऊ नका, पण प्रत्येक रेडनंतर तुम्ही ओरडून सांगत असाल तर पोरं तुमच्या आवाजावर खेळायला शिकतात. मॅचला आवाज पोचत नाही, कारण समोरच्या गावची शंभर पोरं ओरडत असतात, आणि तुमची पोरं उघडी पडतात. चूक झाली की लगेच तोंडाकडं बघणारी पोरं तुम्ही पाहिली असतील, खेळ चालू असताना मान वळवून सरांकडं बघतात. ती सवय आपणच लावलेली असते. १९९० मध्ये विन्स्टीन आणि श्मिट यांच्या प्रयोगात एका गटाला प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगितला, दुसऱ्याला निम्म्याच वेळा. दुसऱ्या दिवशी कुणालाच काही न सांगता तपासलं तेव्हा निम्म्या वेळा सांगितलेला गट जास्त चांगला निघाला. ज्याला दर वेळी उत्तर आयतं मिळतं तो स्वतःच्या अंगाचं ऐकत नाही.

पकड सुटली की मी आधी गप्प बसतो. मग विचारतो, काय झालं? आणि उत्तराची वाट बघतो. हे वाट बघणं सगळ्यात अवघड आहे, सुरुवातीला पोरं नुसती बघत राहतात, त्यांना वाटतं सर चिडलेत. चार-पाच दिवसांनी बोलायला लागतात. आमच्याकडं डावा कोपरा खेळणारी एक पोरगी होती, फार अबोल, पण पकडी अचूक. तिला एकदा विचारलं, तुला कसं कळतं कधी जायचं? तर म्हणाली, "सर, ती परत फिरायच्या आधी मागच्या पायाची टाच वळवते, तवा मी जाते." हे मी तिला कधी शिकवलेलं नव्हतं, तिनं शेकडो रेड बघून स्वतः शोधलं होतं. मग मी तिलाच बाकीच्या पोरींना सांगायला लावलं आणि माझ्या दहा वाक्यांपेक्षा तिच्या एका वाक्याचा उपयोग जास्त झाला. पोरांना पोरांकडून लवकर कळतं, विशेषतः जे स्वतः नुकतंच शिकलंय त्याच्याकडून.

आणि "कळलं का?" हा प्रश्न बंदच करा. आपल्या भागातलं कुठलं पोरगं सरांना "नाही कळलं" म्हणणार आहे? सगळी एका सुरात "हो सर" म्हणतात. त्यापेक्षा म्हणा, करून दाखव, नाहीतर शेजारच्याला सांग बघू मी आता काय म्हणालो.

बोलायचंच असेल तर थोडकं आणि कामाचं बोला. अमेरिकेत जॉन वुडन म्हणून बास्केटबॉलचे कोच होते, यूसीएलए विद्यापीठाच्या टीमला त्यांनी १० राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. १९७४-७५ च्या सीझनला दोन मानसशास्त्रज्ञ त्यांच्या सरावाला बसून प्रत्येक वाक्य टिपत होते. तर नुसतं कौतुक फार कमी आणि नुसतं रागावणंही फार कमी, बहुतेक वाक्यं छोटी, काय करायचं आणि कसं करायचं एवढंच सांगणारी. भाषण नाहीच. आपल्याकडं सराव सुरू व्हायच्या आधी पोरांना उन्हात उभं करून वीस मिनिटं शिस्तीवर बोलतात, त्यातलं शेवटपर्यंत काय टिकत असेल तुम्हीच सांगा.

शब्द कुठले वापरता यानंही फरक पडतो. "गुडघा वाकव, पाठ सरळ, कोपर आत" असं सांगितलं की पोरगं स्वतःच्या अंगाकडं लक्ष देतं आणि ताठरतं. "त्याची टाच मातीवरून उचल", "त्याला मधल्या लाइनकडं तोंड करूच देऊ नको", खो-खोत सूर मारायला "खांबापलीकडची माती धर" असं सांगितलं की तेच अंग आपोआप नीट वाकतं. गॅब्रिएल वुल्फ या बाईंनी १९९८ पासून यावर बरंच काम केलंय, स्वतःच्या अवयवांकडं लक्ष देण्यापेक्षा बाहेरच्या परिणामाकडं लक्ष दिलं की माणूस लवकर शिकतो असं पुन्हा पुन्हा दिसलंय. लांब उडीला "पाय जोरात ताण" म्हणण्यापेक्षा "त्या रेषेच्या पुढं जा" म्हणून बघा, लगेच कळेल.

रोजच्या दीड तासाबद्दल. वेळ भरपूर आहे, वाढवू नका. उलट रविवारी पाच तासांचा कॅम्प लावणारे खूप जण आहेत, त्यानं पोरं दमतात आणि समाधान आपल्याला मिळतं. ब्रिटनच्या टपाल खात्यात कर्मचाऱ्यांना नवा कीबोर्ड शिकवायचा होता, त्यावर १९७८ ला बॅडली आणि लाँगमन यांचा अभ्यास आला. रोज १ तास शिकणाऱ्यांना रोज ४ तास शिकणाऱ्यांपेक्षा एकूण तास कमी लागले. गंमत म्हणजे रोज १ तासवालेच जास्त नाराज होते, कारण कॅलेंडरवर दिवस जास्त जात होते. म्हणजे शिकणाऱ्याला काय आवडतंय आणि तो किती शिकतोय या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. सोमवारी घेतलेली गोष्ट गुरुवारी न सांगता परत काढा, पोरं थोडी विसरलेली असतील, आठवायला धडपडतील, ती धडपडच पाहिजे. आणि झोप. दहावीचं पोरगं पाचला उठून भरतीवाल्या मोठ्या पोरांबरोबर पळतं, दिवसभर शाळा-क्लास करतं आणि रात्री बारापर्यंत मोबाइल बघतं, त्याच्यात संध्याकाळचं शिकलेलं कसं मुरणार?

मारण्याबद्दल स्पष्टच लिहितो. काठी, कानाखाली, अंगठे धरून उभं करणं, हे आपल्या भागात अजून "शिस्त" म्हणून चालतं आणि पालकही म्हणतात, सर फोडून काढा पण घडवा. भ्यालेलं पोरगं धोका पत्करत नाही. ते पकडीला जाणारच नाही, कारण गेलं नाही तर चूक दिसत नाही. रेडला गेलं तर पाच सेकंद दाखवल्यासारखं करून परत येईल. आणि शेवटी सोडून जाईल. अमेरिकेत शाळकरी पोरांच्या बेसबॉल कोचना चुकीनंतर धीर देणं आणि नीट सांगणं शिकवलं, आणि पुढच्या सीझनला बघितलं, तर त्यांच्याकडची फक्त ५ टक्के पोरं खेळ सोडून गेली होती, इतर कोचकडची २६ टक्के. हा अभ्यास १९९२ चा आहे. आपल्याकडं मुलींच्या बाबतीत तर हे जास्त लागू, घरून आधीच "कशाला तो खेळ" चालू असतं, ग्राउंडवर एकदा चारचौघांत अपमान झाला की ती पोरगी दुसऱ्या दिवशी येत नाही आणि कारणही सांगत नाही. अशी किती चांगली खेळणारी पोरं-पोरी गेली असतील याचा विचार केला की मला खरंच त्रास होतो.

कुणी म्हणेल तिरंदाजी, वेटलिफ्टिंगला हे मिसळणं कसं चालेल, तिथं तर तेच तेच करायचं असतं. बरोबर आहे, तिथं समोर हूल देणारा कुणी नसतो, त्यामुळं घोटण्याचा वाटा मोठा. पण तिथंही वारा बदलतो, ताण बदलतो, आणि धडधडत्या छातीनं तोच बाण सोडायला शिकावं लागतं. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ ला बर्लिनला १७ व्या वर्षी सीनियर गटात जगज्जेती झाली, ती साताऱ्यात उसाच्या शेताशेजारच्या मैदानात पोलीस खात्यात नोकरी करणाऱ्या प्रशिक्षकांकडं शिकली. त्यामुळं आपल्याकडं सोयी नाहीत म्हणून नीट शिकवता येत नाही, हे मला पटत नाही. मी वर लिहिलेल्या कशालाच मॅटचे चार दिवस सोडले तर पैसे लागत नाहीत.

आता तुमचा महिना. पहिले तीन आठवडे दीड तासातला तासभर तरी खेळासारख्या सरावाला द्या, तीन-तीन, चार-चारचे छोटे सामने, प्रत्येकाला एक अडचण घालून. आपण दोन पॉइंट मागं आणि दोन मिनिटं राहिलीत. तीनच जण उरलेत, सुपर टॅकल (तीन किंवा कमी जण असताना केलेली, जादा पॉइंटची पकड) पाहिजे. सलग दोन रेड रिकाम्या गेल्यात, आता थर्ड रेड आहे, पॉइंट आणलाच पाहिजे. एखाद्या दिवशी वरच्या वर्गातल्या पोरांना कडेला उभं करून मुद्दाम दंगा करायला लावा. निर्णय पोरांना घेऊ द्या, तुम्ही कडेला वही घेऊन बसा आणि सराव संपल्यावर दोनच मुद्दे बोला. मोबाइलवर एखादी रेड शूट करून पोरांनाच दाखवा आणि तेच काय बघतात ते ऐका. शेवटच्या आठवड्यात नवीन काही शिकवू नका, नवी पकड तर अजिबात नको, वेळ निम्म्यावर आणा, जोर तेवढाच ठेवा.

मॅचला टाइमआउट ३० सेकंदांचा असतो. पोरं धापा टाकत येतात, पहिले दहा सेकंद त्यांना पाणी पिऊ द्या, काही बोलू नका. मग कॅप्टनला विचारा, त्यांचा रेडर कुठं जास्त येतोय? तो जे सांगेल त्यावर एकच गोष्ट ठरवा, "तो उजवीकडं बोनस मारतोय, कोपऱ्यानं थांबायचं, कव्हरनं रस्ता बंद करायचा", आणि सोडून द्या. जे सरावात स्वतः ठरवत आले असतील त्यांना तेवढं पुरतं. तालुक्याचं काय झालं ते नक्की कळवा, आणि हरलात तरी पोरांना काय दिसलं ते आधी त्यांच्याकडून लिहून घ्या, मग मला सांगा, पुढचा सराव त्यावरून बसवू.